वाशिम जिल्ह्यातील हरित बांधकाम

हरित बांधकाम म्हणजे जागेची निवड, आराखडा, साहित्य, प्रत्यक्ष बांधणी, वापर आणि अखेरीस पाडकाम या सर्व टप्प्यांवर ऊर्जा, पाणी व नैसर्गिक साधने कमी वापरणारी आणि राहणाऱ्यांच्या आरोग्यास पोषक असलेली इमारत उभारण्याची पद्धत होय. महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील वाशिम जिल्ह्यात या पद्धतीचा विचार कडक उन्हाळा, फुगणारी काळी माती, मर्यादित पाणी आणि कमी खर्चाची ग्रामीण घरे या चार बाबींच्या संदर्भात करावा लागतो. जिल्ह्यातील जुनी मातीची घरे उन्हाळ्यात थंड राहत, परंतु त्यांचे बांधकाम पाऊस व भूकंप यांपुढे दुबळे होते. त्यांच्या जागी आलेली पत्र्याची व काँक्रीट स्लॅबची घरे अधिक टिकाऊ असली तरी ती तापतात. टिकाऊपणा आणि थंडावा हे दोन्ही गुण एकाच घरात आणणे, हा येथील हरित बांधकामाचा मुख्य प्रश्न आहे.

व्याप्ती

हरित बांधकामात प्रामुख्याने दोन प्रकारच्या ऊर्जेचा हिशेब केला जातो. पहिली अंतर्भूत ऊर्जा, म्हणजे सिमेंट, पोलाद, विटा इत्यादी साहित्य तयार करण्यासाठी व वाहून आणण्यासाठी लागलेली ऊर्जा. दुसरी वापरातील ऊर्जा, म्हणजे इमारत वापरात असताना पंखे, कूलर, दिवे, पंप यांसाठी लागणारी ऊर्जा. सिमेंटनिर्मितीत चुनखडी भाजताना इंधनाच्या ज्वलनाखेरीज चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के मानला जातो. त्यामुळे सिमेंटचा अनावश्यक वापर टाळणे हे हरित बांधकामाचे एक प्रमुख सूत्र ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. म्हणून येथे हरित बांधकामाचा विषय उंच कार्यालयीन इमारतींपेक्षा गावातील एकमजली घरांशी अधिक निगडित आहे.

जिल्ह्याचा भूभाग दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसॉल्ट खडकाचा असून त्यावर काळी माती व मुरूम आढळतो. गोदावरी व तापी या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक याच जिल्ह्यातून जातो. पैनगंगा व तिला मिळणाऱ्या अडाण, अरुणावती या नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात, तर काटेपूर्णेचे पाणी पूर्णा नदीमार्गे तापीच्या खोऱ्यात जाते. उंचवट्यावरच्या या प्रदेशात पाणी साठवून वापरण्याला विशेष महत्त्व आहे.

हवामान वर्षाचा बराच काळ कोरडे असते. एप्रिल व मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पावसाळ्यात हवा दमट होते आणि हिवाळ्यात रात्री गारवा असतो. त्यामुळे एकच उपाय बाराही महिने लागू पडत नाही.

पारंपरिक बांधकाम

पश्चिम विदर्भातील गावांत शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा भेद बांधकामातही उतरला आहे. काळी माती ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते, म्हणून भिंतींसाठी व छपरासाठी गावठाणातील पांढरी माती पसंत केली जाई.

ऐपतीप्रमाणे घरांचे प्रकार वेगवेगळे असत. गरीब कुटुंबांची घरे कुडाची असत. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड उभा करून तो शेणामातीने लिंपला जाई. मध्यम स्थितीतील शेतकऱ्यांची घरे दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंतींची असत. कारंजा, वाशिम, रिसोड यांसारख्या बाजारपेठांच्या गावांत वाडे बांधले गेले. वाड्यामध्ये मधला चौक, भोवती ओसरी आणि लाकडी खांब अशी रचना असे. चौकामुळे आतल्या खोल्यांना उजेड व वारा मिळे.

अनेक घरांवर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर असे. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. लाकडी तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडी फळ्या अथवा काटक्यांचा थर, त्यावर पालापाचोळा आणि शेवटी चोपून बसवलेली पांढरी माती, असा त्याचा क्रम असे. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपली जाई. या डागडुजीमुळे गळती थांबे, मात्र वर्षानुवर्षे थरावर थर चढून छपराचे वजन वाढत जाई.

मोठ्या बांधकामांत दगड व चुना वापरला जाई. भाजलेल्या चुनखडीपासून केलेला चुना वाळूसह बैलांच्या घाणीत मळला जाई. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी मिसळण्याची पद्धतही महाराष्ट्रात होती. चुन्याचा गिलावा भिंतीतील बाष्प बाहेर जाऊ देतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो.

किल्लारी भूकंपाचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे प्रचंड वजन हे जीवितहानीचे एक प्रमुख कारण ठरले. भिंतींचे आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते अलग झाले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळले.

या आपत्तीनंतर मातीच्या घरांविषयी धास्ती निर्माण झाली. तथापि मातीच्या भिंतींची जोडणी व छपराचे वजन या गोष्टी सुधारता येतात. मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढवण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३८२७ हे मानक आहे. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छपराखालची पातळी येथे सलग आडवे पट्टे बांधणे, कोपरे जोडणे, भिंतीची लांबी व उंची मर्यादित ठेवणे आणि छप्पर हलके करणे ही त्यामागची तत्त्वे आहेत. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड घालणे हाही त्यातलाच उपाय आहे.

घर तापण्याची कारणे

वाशिम शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. या दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडत नाही. जवळजवळ सर्व ऊन छपरावर पडते, तर सकाळी पूर्वेची व दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. डिसेंबरमध्ये मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. एकमजली घरात सर्व खोल्या छपराखालीच असल्याने घर थंड ठेवण्याचा पहिला उपाय छपरापासून सुरू होतो.

साहित्यातून उष्णता किती सहज वाहते हे उष्णतावाहकतेवरून कळते. वॅट प्रति मीटर केल्विन या एककात तिची साधारण मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

- सळईयुक्त काँक्रीट : सुमारे १.६
- भाजलेली वीट : सुमारे ०.८
- मातीची कच्ची वीट : सुमारे ०.७५
- वायुमिश्रित हलका काँक्रीट ठोकळा : ०.२ पेक्षा कमी
- थर्मोकोल : सुमारे ०.०३५

या आकड्यांनुसार मातीची वीट भाजलेल्या विटेपेक्षा फारशी वेगळी नाही. जुन्या घरातील थंडाव्याचे मुख्य कारण भिंतीची जाडी व वस्तुमान हे होते. ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास १० तासांहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत रात्र होऊन बाहेरची हवा गार झालेली असते. याउलट पत्र्याला वस्तुमान जवळजवळ नसते आणि तो ऊन पडताच तापून खाली उष्णता फेकतो. काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो व संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. स्लॅबच्या घरात रात्री झोप न लागण्याचे हे कारण आहे.

छप्पर

छपरासाठी वापरले जाणारे प्रमुख उपाय असे आहेत :

पांढरा लेप : गच्चीवर चुन्याची सफेदी किंवा परावर्तक रंग दिल्यास सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकला जातो. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. धूळ बसल्याने त्याचा परिणाम घटतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी लेप नव्याने द्यावा लागतो. शेजारच्या तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

चिनी तुकड्यांची गच्ची : पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे उतार देऊन बसवले जातात. यातून उष्णतेचे परावर्तन व गळतीपासून संरक्षण हे दोन्ही हेतू साधतात.

मडक्यांचा थर : स्लॅबवर मातीची मडकी उपडी मांडून त्यांवर कोबा केला जातो. मडक्यांतील कोंडलेली हवा उष्णतेला अडवते.

फिलर स्लॅब : स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसण्याच्या दृष्टीने फारसे उपयोगी नसते. तेथे सळयांच्या मधोमध कवेलू किंवा मडकी ठेवल्यास काँक्रीटची बचत होते आणि वजनही घटते. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिची आखणी अभियंत्याकडून करून घेणे आवश्यक असते.

कवेलूचे घुमट : वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराचे भाजलेले कवेलू एकमेकांत अडकवून कमानी उभारण्याचे तंत्र विकसित केले. यात लाकूड व पोलाद अत्यल्प लागते आणि गावातील कुंभाराला काम मिळते. देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये या केंद्राची स्थापना केली. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील आदी निवास व बापू कुटी या माती, बांबू, लाकूड व कवेलू यांच्या वास्तूही विदर्भातील स्थानिक साहित्याच्या बांधकामाची परिचित उदाहरणे आहेत.

पत्र्याखाली छत : पत्र्याचे छप्पर बदलणे शक्य नसल्यास त्याखाली बांबूची चटई किंवा तक्त्यांचे छत घालून मधली हवा दोन्ही टोकांनी खेळती ठेवली जाते.

भिंतींचे साहित्य

भाजलेली वीट : एका विटेचे वजन साधारण ३ किलोग्रॅम धरल्यास १ लाख विटांसाठी ३०० टनांच्या आसपास माती लागते. ही माती बहुधा शेताच्या वरच्या सुपीक थरातून येते. सोयाबीन, तूर व कापूस यांवर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात वीटभट्टीसाठी गेलेली माती म्हणजे शेतीचे दीर्घकालीन नुकसान असते. ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीने विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवल्यास सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे भिंत कमी तापते.

राखेच्या विटा : औष्णिक वीज केंद्रातील उडणारी राख, वाळू व सिमेंट किंवा चुना यांपासून या विटा दाबयंत्रात तयार होतात. त्यांना भट्टी लागत नाही. अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक वीज केंद्र असून वाशिम शहर तेथून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत आहे. केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत राखेचा वापर बंधनकारक केला आणि पुढील सुधारणांत हे क्षेत्र वाढवले. राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्येही साध्या सिमेंटपेक्षा उत्सर्जन कमी असते.

दाबलेल्या मातीचे ठोकळे : माती, वाळू व सुमारे ५ ते १० टक्के सिमेंट यांचे मिश्रण यंत्रात दाबून हे ठोकळे केले जातात व काही आठवडे ओले ठेवून पक्के होऊ दिले जातात. त्यांच्यासाठी आयएस १७२५ हे मानक आहे. शुद्ध काळी माती यासाठी योग्य नाही. मुरूम व वाळू मिसळून चिकणमातीचे प्रमाण कमी करावे लागते किंवा चुन्याने माती स्थिर करावी लागते. विहीर, शेततळे किंवा पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम वापरल्यास सुपीक थर शाबूत राहतो.

बांबू : २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. भुंगा व वाळवी यांपासून संरक्षणासाठी बांबू बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवला जातो. तो जमिनीच्या ओलाव्यापासून दूर ठेवावा लागतो.

काळ्या मातीतील पाया

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असल्यास जोते वर-खाली होऊन भिंतींना तिरप्या भेगा पडतात. कोणतेही हरित साहित्य वापरले तरी हा दोष पायातच दूर करावा लागतो.

काळा थर कमी खोल असल्यास तो पूर्ण काढून मुरमापर्यंत पाया नेला जातो. थर खोल असल्यास रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाइल वापरता येतात. ते साधारण ३.५ मीटर किंवा अधिक खोल नेऊन मातीच्या हालचालीच्या पट्ट्याखाली टेकवले जातात. घराभोवती फरशीचा उतार ठेवून पाणी दूर नेणे आणि मोठी झाडे भिंतीलगत न लावणे हेही आवश्यक असते, कारण झाडांची मुळे उन्हाळ्यात मातीतील ओलावा शोषून तिचे आकसणे वाढवतात.

वायुवीजन व आरोग्य

समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असल्यास वारा आरपार वाहतो. उन्हाळ्यात दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री उघडल्यास भिंती थंड होतात. पावसाळ्यात मात्र दमटपणा कमी करण्यासाठी दिवसाही वारा खेळता ठेवावा लागतो. पश्चिमेकडे कमी खिडक्या, दक्षिणेकडे छज्जा आणि पश्चिमेला ओसरी, गोठा किंवा वेलींचा मांडव अशी मांडणी उपयुक्त ठरते. बाष्पीभवनावर चालणारा कूलर कोरड्या उन्हाळ्यात परिणामकारक असतो. त्यासाठी दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी लागते. पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही.

साहित्याचा आरोग्याशी थेट संबंध असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस मानवात कर्करोगकारक ठरवला आहे. ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे जुने पत्रे कापताना, फोडताना किंवा त्यांना भोके पाडताना निघणारी धूळ धोकादायक असते. प्लायवूडच्या चिकटद्रव्यातून निघणारे फॉर्माल्डिहाइडही याच गटात आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. स्वयंपाकघरात चूल वापरली जात असल्यास धुराडे किंवा छपरालगत झरोका असणे आवश्यक आहे.

पाणी व ऊर्जा

वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागते असे गृहीत धरल्यास १०० चौरस मीटर छपरावरून सुमारे ६४,००० लिटर, तर २५ चौरस मीटरच्या छोट्या घरावरून सुमारे १६,००० लिटर पाणी मिळू शकते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन पुढचे पाणी गाळून टाकीत साठवता येते किंवा कूपनलिका व विहिरीच्या पुनर्भरणासाठी वापरता येते. मात्र पुनर्भरणाचा खड्डा काळ्या मातीत जोत्याला लागून घेतल्यास पायाला धोका पोहोचतो.

पाणी हे बांधकामाच्या वेळीही लागते. काँक्रीट व गिलावा ओला ठेवण्यासाठी गोणपाट वापरल्यास आणि बांधकाम उन्हाळ्याच्या टंचाईच्या काळाऐवजी पावसाळ्यानंतर काढल्यास पाण्याची बचत होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत छतावरील ३ किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेच्या सौर संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळते. पॅनेलची सावली पडल्याने गच्चीही कमी तापते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशरहित मोटरचा पंखा त्याच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतो.

नियम व मानांकन

भारतात हरित इमारतींसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हरित इमारत परिषदेचे आणि टेरी संस्थेने केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासह विकसित केलेले ‘गृह’ हे मानांकन प्रचलित आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता जाहीर केली. तिच्यानुसार छपरातून उष्णता वाहण्याचा दर, म्हणजे यू-मूल्य, १.२ वॅट प्रति चौरस मीटर केल्विनपेक्षा अधिक नसावा. उष्णतारोधक थर नसलेल्या साध्या स्लॅबचे यू-मूल्य ३ पेक्षा अधिक असते. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही संहितेत दिलेले आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात ते चटईक्षेत्राच्या १० टक्के व संमिश्र हवामानात १२.५ टक्के आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी आहे, त्यामुळे गावातील घरे तिच्या कक्षेबाहेर राहतात. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पर्जन्यजल संधारणाच्या तरतुदी आणि मानांकनप्राप्त हरित इमारतींसाठी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाचे प्रोत्साहन आहे.

घरकुल योजना

ग्रामीण भागातील नवीन घरांवर सर्वाधिक प्रभाव घरकुल योजनांचा पडतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १,२०,००० रुपयांचे साहाय्य देण्यात येऊ लागले. घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. राज्यात रमाई व शबरी आवास योजनांतूनही घरकुले बांधली जातात. अशा मर्यादित रकमेत महागडे उष्णतारोधक साहित्य बसत नाही. म्हणून घराची दिशा, खिडक्यांची जागा, ओसरी आणि गच्चीवरील चुन्याची सफेदी हे अल्प खर्चाचे उपाय येथे अधिक महत्त्वाचे ठरतात. आरेखन झाल्यानंतर यांपैकी केवळ सफेदीच करता येते, बाकीचे निर्णय पाया आखण्यापूर्वी घ्यावे लागतात.

मर्यादा

मातीचे घर ‘कच्चे’ व स्लॅबचे घर ‘पक्के’ ही समजूत समाजात दृढ असून घर हा प्रतिष्ठेचा विषय असल्याने माती व बांबू यांना पसंती कमी मिळते. चुना, दाबलेले ठोकळे किंवा फिलर स्लॅब यांचे काम जाणणारे गवंडी कमी असल्याने मजुरीचा खर्च वाढतो. मातीच्या भिंतींना रुंद वळचण, उंच जोते व नियमित लिंपण यांची गरज असते. जाड भिंती लहान भूखंडात जागा अडवतात. दूरवरून वाहून आणलेले ‘हरित’ साहित्य वाहतुकीच्या इंधनामुळे आपला लाभ गमावू शकते. त्यामुळे एखादे साहित्य हरित आहे की नाही हे केवळ त्याच्या नावावरून ठरत नाही. ते कोठून आले, किती वापरले आणि त्या ठिकाणच्या माती व हवामानात किती काळ टिकले, यावर ते अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

- वाशिम जिल्हा
- माळवद
- पर्जन्यजल संधारण
- लॉरी बेकर
- किल्लारी भूकंप
- सेवाग्राम